पांघरूण

फुई गोधडी अंगावर ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाहेर ओट्यावर माझा आतेभाऊ सिस्टरांना हळू आवाजात बजावत होता, "ते नाव तेवढं काढू नका. गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल, असं सांगितलंय तिला." सिस्टर हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "आधी त्यांना भेटते," म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

फुई म्हणजे माझी आत्या. आमच्या बागलाणात आत्याला फुई म्हणतात. सटाण्यापासून थोड्या अंतरावरचं गाव, मार्गशीर्षाचे दिवस. सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेची तयारी चालली होती आणि गावात उन्हाळ कांद्याच्या लागवडीला बायका मिळत नव्हत्या. फुईच्या स्तनाच्या कॅन्सरवर नाशिकच्या एका रुग्णालयात सात महिने उपचार झाले. मग एके दिवशी कोणीतरी फायलीवर सही करत म्हणालं, "आता घरी न्या. करण्यासारखं काही राहिलं नाही." भाऊ तिला घेऊन आला. हे वाक्य त्याने कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा.

करण्यासारखं काही राहिलं नाही म्हणतात, त्याच दिवसापासून सिस्टरांचं काम सुरू होतं. त्या कामाला सरकारी कागदावर कुठे उपशामक सेवा म्हणतात, कुठे परिहारक. बोलताना सगळे पॅलिएटिव्हच म्हणतात. शब्दाचं मूळ लॅटिन: पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. आजार मुळातून जात नसेल तर निदान त्याच्या गारठ्यापासून माणसाला झाकायचं. मराठीत मात्र पांघरुणाला दुसराही अर्थ आहे. चुकीवर, भानगडीवर, नको असलेल्या सत्यावर आपण पांघरूण घालतो. फुईच्या घरात त्या दिवशी दोन्ही पांघरुणं होती. एक ऊब देणारं, एक लपवणारं. यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं हळूच सोडवायचं, एवढ्याच प्रश्नाभोवती सिस्टरांचं सगळं कसब फिरतं, हे मला पुढच्या काही महिन्यांत कळत गेलं.

•

सिस्टर खाटेवर बसल्या नाहीत आणि उभ्याही राहिल्या नाहीत. सरळ जमिनीवर बसल्या. खाट बुटकी होती, त्यामुळे त्यांचे डोळे फुईच्या डोळ्यांच्या रेषेत आले. पिशवी उघडली नाही, फाईल मागितली नाही.

"कसं शे, फुई?"

सिस्टर मूळच्या लातूरकडच्या. त्यांची अहिराणी कानाला जरा आडवीतिडवीच लागायची. पण सात महिन्यांत पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने फुईला तिच्या बोलीत काही विचारण्याची ही पहिली वेळ असावी. भिंतीकडचं तोंड इकडे वळलं.

"शे ते शे," फुई म्हणाली.

"दुखस का?"

"दुखस ना."

"कितलं? रुपयामा कितला आना?"

फुईने क्षणभर विचार केला. "दिवसले बारा आना. रातले सोळा."

वेदना मोजण्याची जी पट्टी आहे तिच्यावर शून्य ते दहा आकडे असतात. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. इस्पितळात फुईला हेच विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी तिने "पाच" सांगितलं होतं. दहापैकी किती, हा शाळेतला प्रश्न. आणि फुई शाळेत गेली नव्हती. मधला आकडा सांगितला की माणसं पुढे जातात, हे तिने ताडलं होतं. आण्यांत मात्र ती आयुष्यभर हिशेब करत आली. "चार आणे फरक आहे", "आठ आणे आराम पडला" हे आपल्याकडे आजही लोक डॉक्टरला सांगतात. सिस्टरांनी वहीत बाराच्या पुढे सूर्य काढला, सोळाच्या पुढे चंद्र.

मग त्यांनी दुखण्याची जात विचारली. ठणका लागतो का? कळ येते नि जाते? चमक निघते? आग होते? मुंग्या येतात? करंट बसल्यासारखं होतं? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. मराठीत असे शब्द वेचायला बसलं तर ओंजळ भरेल: ठणका, कळ, शूल, चमक, उसण, टोचणी, आग, रग, ओढ. एकाच दुखण्याची ही नऊ नावं नव्हेत. हाडात पसरलेला कॅन्सर एकसारखा ठणकतो. आतड्यात अडथळा आला की कळ येते नि जाते. आग, मुंग्या, करंट असं म्हणणाऱ्याची बहुधा नस दाबलेली किंवा दुखावलेली असते, आणि तिथे नुसत्या मॉर्फिनने भागत नाही, नसेच्या वेदनेवरचं वेगळं औषध जोडावं लागतं. म्हणजे पेशंट कोणता शब्द वापरतो यावर गोळी ठरते. तो शब्द चुकीचा ऐकला किंवा "दुखतंय" या एका शब्दात गुंडाळून डॉक्टरांपर्यंत पोचवला, तर औषधही चुकतं.

फुईच्या पाठीत ठणका होता आणि काखेतून हातात उतरणारी आग. सिस्टरांनी दोन्ही वेगवेगळं लिहून घेतलं आणि ओट्यावर जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

परिचारिकेच्या कामाला आपल्याकडे शुश्रूषा म्हणतात. हा शब्द 'श्रु' धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. आधी ऐकायचं, मग हात लावायचा, हा क्रम शब्दाच्या पोटातच आहे.

•

लंडनमधल्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या नायटिंगेल स्कूलमध्ये १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सिसिली सॉन्डर्स नावाची तरुणी नर्सिंग शिकली. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, म्हणून ती रुग्णालयातच सामाजिक कार्यकर्ती झाली. तिथे तिला डेव्हिड तास्मा भेटला. पोलंडमधून आलेला ज्यू माणूस, गावापासून आणि भाषेपासून तुटलेला, कॅन्सरने मरणाच्या दारात. दोघं तासन्‌तास बोलत. १९४८ मध्ये तो गेला, तेव्हा त्याने तिच्या नावाने ५०० पौंड ठेवले होते: तू बांधशील त्या घरात माझी एक खिडकी असू दे. सॉन्डर्स पुढे डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. शरीर, मन, नाती, पैसा आणि देव, या सगळ्यांचं मिळून एकच दुखणं असतं, हा तिचा विचार जगभरच्या पॅलिएटिव्ह सेवेचा पाया ठरला. तिचे तिन्ही पेशे एकामागून एक मांडले तर दिसतं की या शास्त्राची सुरुवात एका पेशंटशी झालेल्या गप्पांतून झाली.

ज्या शाळेत सॉन्डर्स शिकली तिच्या संस्थापक फ्लॉरेन्स नायटिंगेल यांनी १८५९ मध्ये नर्सिंगवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. त्यात एक अख्खं प्रकरण भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ दिलाशांवर आणि फुकटच्या सल्ल्यांवर आहे. आजाऱ्याला सर्वांत जास्त शिणवतात ते त्याच्या दुखण्याला किरकोळ ठरवणारे लोक, असा त्यांचा रोख. फुईच्या ओसरीवर हे प्रकरण रोज घडायचं. "काही होत नाही, खडखडीत बऱ्या व्हाल." "आमच्या शालकाच्या सासूला याहून मोठी गाठ होती." "देवमामलेदारांना नवस बोला." प्रत्येक पाहुणा गेल्यावर फुई थोडी आणखी गप्प व्हायची. बरी होणार असेन तर मला हे भय का वाटतंय, हे तिने कुणाला विचारायचं?

भारतात हे काम आलं ते १९८६ साली, मुंबईत वांद्र्याला. डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी शांती अवेदना सदन सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून आहे. केरळात १९९३ मध्ये कोळीकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने सोसायटी उभी राहिली. तिथून हे काम इस्पितळाच्या भिंती ओलांडून गल्लीबोळात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात गेलं. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह धोरण केलं, महाराष्ट्राने २०१२ मध्ये. आपल्या राज्यातल्या ग्रामीण प्रयोगांमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीचं नाव सुरुवातीलाच घ्यावं लागतं. आता ही सेवा आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामांच्या यादीतही आहे. यादी आणि उंबरा यांच्यामधलं अंतर मात्र कोणीतरी चालून जावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना या सेवेची गरज असते आणि ती मिळते सुमारे १४ टक्क्यांना.

•

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा भावाचा चेहरा पडला. "अफूच ना ती? आईला गुंगीत ठेवायचं?"

त्याची भीती एकट्याची नव्हती. देशाच्या कायद्यातही ती होती. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा इतका कडक होता, की चोराला धाक बसायच्या आधी दवाखान्यांनाच बसला. मॉर्फिन ठेवायचं तर परवान्यांची चळत. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकायची, परदेशी जायची, आणि त्याच देशातला कॅन्सरचा पेशंट रात्रभर ओरडायचा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर वाट बरीच मोकळी झाली. तरी गोळीन्‌गोळीची नोंद ठेवावी लागते, आणि ते योग्यच आहे.

सिस्टरांनी भावाला ओट्यावर बसवून तासभर समजावलं. वेदनेसाठी, मोजून, वेळेवर घेतलेल्या गोळीने माणूस व्यसनी होत नाही. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येईल, मळमळ होईल, मग ती ओसरेल. बद्धकोष्ठ मात्र ओसरणार नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून रोज. गोळी दर चार तासांनी, दुखो न दुखो. "दुखायला लागल्यावर द्यायची नाही भाऊ. मोटार जळाल्यावर फ्यूज बदलून काय उपयोग?" बागलाणातल्या डाळिंबवाल्याला पटेल असा दाखला होता तो.

चौथ्या दिवशी फुई म्हणाली, "चार आना."

दुसरं दुखणं वासाचं होतं. स्तनावरची जखम फुटली होती. त्या वासामुळे नातवंडं दारातूनच परत जायची आणि सून नाकाला पदर लावून ताट ठेवून निघायची. याबद्दल घरात कोणी एक शब्द काढत नव्हतं. फुई दिवसभर गोधडी गळ्यापर्यंत घ्यायची ती थंडीने नव्हे, हे सिस्टरांनी पहिल्या भेटीतच ओळखलं. त्यांनी सुनेला हाक मारली. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये चुरायला शिकवलं, मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुऊन ती पूड कशी पसरायची ते दाखवलं. "वास जखमेतल्या जंतूंचा आहे, फुईंचा नाही," हे त्या सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. आठवड्याभरात वास उतरला. धाकटी नात खाटेवर चढून बसली आणि आजीच्या हातातल्या बांगड्या मोजू लागली. दोन रुपयांचीसुद्धा नसेल अशी गोळी. तिने एका घरातलं बोलणं पुन्हा सुरू केलं.

•

बोलणंच संपलेल्या पेशंटशी काय करायचं? तंबाखू आणि गुटख्याने आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचा उच्छाद मांडला आहे. जीभ गेलेली, जबडा काढलेला माणूस सगळं ऐकतो आणि काही बोलू शकत नाही. सिस्टर अशांसाठी पिशवीत पाटी-पेन्सिल ठेवतात. लिहिता न येणाऱ्यांशी ठरवून घेतात: हो म्हणजे खाटेवर एक टकटक, नाही म्हणजे दोन. प्रश्न असे विचारतात, की उत्तर टकटकीत मावेल.

या बाबतीत महाराष्ट्राने एक मोठा धडा पाहिला आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी अरुणाताईंना हिंडताफिरताना कधी पाहिलं नव्हतं अशा मुलीही त्यांत होत्या. हल्ल्यानंतर अरुणाताईंपाशी शब्द नव्हते. खोलीत माणसं वाढली की त्या मोठ्याने आवाज काढत, गर्दी हटली की शांत होत. मासे त्यांना आवडतात, हे भरवणाऱ्या हातांना माहीत होतं. इतक्या वर्षांत अंगावर एक शय्याव्रण नव्हता. त्यांना दयामरण द्यावं, या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला एक प्रश्न होता. न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. दयामरणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, ज्यांनी त्या आवाजांचा अर्थ रोज लावला त्यांचा शब्द इथे वजनदार ठरला.

•

आता त्या लपवणाऱ्या पांघरुणाकडे.

"सांगू नका" म्हणणारा मुलगा खोटारडा नसतो. आई हाय खाईल, जेवण सोडेल, ही त्याची खरी भीती असते. त्याला "पेशंटला सत्य जाणून घ्यायचा हक्क आहे" असं सुनावून काही साधत नाही. सिस्टरांनी त्याला वेगळंच विचारलं: "भाऊ, हे सगळं एकट्याने पोटात ठेवून तुम्हाला झोप लागते का?" तो रडला. मग त्या म्हणाल्या, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. चालेल?" बऱ्याच वेळाने तो हो म्हणाला.

वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली डॉ. वॉल्टर बेल, डॉ. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. बकमन गमतीदार माणूस, डॉक्टर असून विनोदी कार्यक्रम करणारा. तरुणपणी एका दुर्धर आजाराने मृत्यूच्या जवळ जाऊन आलेला. पद्धतीचा गाभा सोपा आहे. सांगण्याआधी विचारा. पेशंटला काय ठाऊक आहे ते विचारा, त्याला किती ऐकायचंय ते विचारा, मग तेवढंच, त्याच्या शब्दांत सांगा आणि नंतर येणाऱ्या रडण्याला जागा द्या.

माघ उजाडला होता. मलमपट्टी करताना सिस्टरांनी सहज विचारलं, "फुई, तुमले काय वाटस, काय व्हयनं शे?"

फुईने दाराकडे पाहिलं. भाऊ मळ्यात होता. ती म्हणाली, "माले माहीत शे. पावसाळापासून माहीत शे." इस्पितळात शेजारच्या खाटेवरची बाई तेच सलाईन, त्याच रंगाची पिशवी लावून घेत होती. ती गेली तेव्हाच फुईला कळलं. "पन त्याले नको सांगू. जेवन सोडी दी तो."

मी कोपऱ्यात बसलो होतो. सहा महिने एका घरातली दोन माणसं एकमेकांवर पांघरूण घालत होती. जेवण सोडेल, ही दोघांची भीतीसुद्धा एकच होती.

सिस्टरांनी चेहरा हलू दिला नाही. चिकटपट्टी नीट बसवली, हात धुतले, पुन्हा खाली बसल्या. "मग त्याले काय सांगनं शे तुमले?" बऱ्याच गोष्टी निघाल्या. सुनेला द्यायच्या पाटल्या. धाकट्या दिराशी बांधावरून धरलेला अबोला. शेवटी इस्पितळात न्यायचं नाही, याच घरात. इच्छापत्राने आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. फुईकडे कागद नव्हता. तिच्याकडे ऐकणारं माणूस होतं. सिस्टरांनी विचारलं, यातलं मी भावाला काय सांगू आणि काय तुमच्यापाशी ठेवू? फुईने वाटणी करून दिली. त्या रात्री भाऊ खाटेजवळ बसला. दार ओढलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सकाळी दीर आला, चहा प्याला, बांधाचा विषय निघाला नाही.

फुई चैत्रात गेली. घरातच. शेवटचे चार दिवस ती फारसं बोलत नव्हती, पण सिस्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी तिला सांगत: आता कूस वळवते, आता ओठ ओले करते. ऐकू येणं शेवटपर्यंत राहत असावं, असं त्या घरच्यांना म्हणायच्या. म्हणून त्या खाटेभोवती कोणी खर्चाची गोष्ट काढली नाही.

तेराव्यानंतर आठवड्याने सिस्टर पुन्हा आल्या. भावाला वाटलं, गोळ्यांसाठी आल्या. उरलेलं मॉर्फिन परत न्यायचं असतंच. त्याने फळीवरून डबा काढला. सिस्टरांनी गोळ्या दोनदा मोजल्या. अकरा. वहीत लिहिलं, त्याची सही घेतली. आदल्या पानांवर मला ते छोटे सूर्य आणि चंद्र दिसले, त्यांच्यापुढे उतरत गेलेले आणे.

वही पिशवीत गेली, पण सिस्टर उठल्या नाहीत. भावाच्या डोळ्यांच्या रेषेत येतील अशा खाली सरकून बसल्या.

"भाऊ, जेवण जातं का?"